मारीवहिनीचं आंबट पाणी

आमच्या घरात बाहेरचं माणूस राहायला येणं नवं नव्हतं. मेहरूणच्या तलावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दोन गल्ल्या आत, आमचं तीन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर होतं. गावाकडचं कोणी दवाखान्यासाठी यायचं, कोणी नोकरी शोधायला, कोणी नुसतं बाजाराला म्हणून यायचं आणि आठवडाभर राहून जायचं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते चटईच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला होते, आणि नक्षी चुकलेल्या, काठ तिरका गेलेल्या प्लॅस्टिकच्या चटया त्यांना कमी भावात मिळत. त्यामुळे एक वेळ ताटं कमी पडतील, पण चटई कमी पडायची नाही. आलेल्या माणसाला चटई टाकून दिली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, की आई परातीत पीठ घेऊन बसायची. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीवर तिचा हात पडू लागला की तो आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा आणि पाहुणा निवांत भिंतीला टेकून बसायचा. आमच्या घरी आलेला माणूस उपाशी गेला, असं कोणी कधी म्हणू शकलं नाही. आईला त्याचा फार अभिमान होता. म्हणून तर पुढे जे झालं ते तिच्या जिव्हारी लागलं, असं आता मला वाटतं. त्या वेळी मला एवढं कळत नव्हतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला सगळ्याचीच लाज वाटायची. आपल्या घराची, चटयांची, माझ्या 'बेबी' या नावाचीही.

माझा भाऊ, आमचा दादा, आखातात एका मोठ्या इस्पितळात एसीच्या दुरुस्तीला होता. तिथल्याच लाँड्रीत काम करणाऱ्या मारिसेल नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं आणि ते करून झाल्यावर आम्हाला कळवलं. ती फिलिपिन्सची. नाना बरेच दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मग एकदा बुद्धवंदना आटोपून उठताना म्हणाले, "माणूस आहे ना? मग झालं." आईनं एवढंच विचारलं, "ती भात खाते का?" दादानं फोनवर सांगितलं की तिन्ही वेळा भातच खाते. तेव्हा आई म्हणाली, "मग निभेल."

ती आली ती दिवाळीच्या थोडं आधी, दादाच्या सुट्टीत. बुटकी, गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी. दादानं तिला शिकवून आणलं होतं की मोठ्यांच्या पाया पडायचं. ती नानांच्या, आईच्या, शेजारच्या काकूंच्या आणि पाठोपाठ माझ्याही पाया पडायला वाकली, तेव्हा सगळे हसले आणि हसता हसता तिचा स्वीकार झाल्यासारखा झाला. मारिसेलची मारी झाली, माझी मारीवहिनी झाली. पण गल्लीला ती कळेना. दिवसभर कोणी ना कोणी साखर मागायला, विरजण मागायला म्हणून यायचं आणि तिला न्याहाळत उभं राहायचं. "नेपाळची का?" कोणी विचारायचं. आई म्हणायची, "नाही, तिकडं समुद्रापलीकडली." सांगताना तिचा आवाज जरा वर जायचा, पण ती बाई गेली की पदरानं कपाळ पुसायची.

वहिनीला दिवस गेलेले होते आणि त्यामुळे तिकडची नोकरी सुटली होती. दादाची सुट्टी संपली तेव्हा ठरलं की तिनं इथंच राहायचं, बाळंतपण झाल्यावर पुढचं बघू. दादा गेला आणि ती माझ्या खोलीत आली. आम्हा दोघींची भाषा म्हणजे तिची आखातातली हिंदी. तिच्या हिंदीत बाई-पुरुष असा भेद नव्हता. "बेबी, मैं सोता," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. कधी कधी उशीत तोंड घालून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. ती प्रार्थना होती की रडणं, मी कधी विचारलं नाही.

खरी अडचण जेवणाची झाली. आमच्याकडचं कालवण म्हणजे काळ्या मसाल्याचं, वर बोटभर तर्री आलेलं. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, आणि मिरची तर अशी की शेजारच्या घरात ठसका लागावा. वहिनी एक घास घ्यायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "ये बहुत तीखा, मम्मी," ती आईला म्हणायची, आणि तरी हसायची. मग ती नुसता दहीभात खायची. केळी खायची. रावेरकडची केळी तिला आवडली, तिच्या गावीही केळीच्या बागा होत्या असं हातवारे करून सांगायची. पण पोटुशी बाई दहीभात आणि केळ्यांवर किती दिवस राहणार? ती वाळत चालली. पोट पुढे येत होतं आणि हात बारीक होत होते. आईनं वेगळं कमी तिखटाचं करून पाहिलं, बिनमिरचीचं वरण करून पाहिलं, चिंचेचं सार करून पाहिलं. साराचा वास आला तशी वहिनी एकदम उठून स्वयंपाकघरात आली, वाटी तोंडाला लावली आणि मग हळूच खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही सांगता येत नाही. ओळखीचा माणूस समजून हाक मारावी आणि त्यानं वळून बघितल्यावर तो दुसराच निघावा, तसं काहीतरी.

आई मला म्हणाली, "विचार तिला काय खावंसं वाटतं. पोटुशीचे डोहाळे राहिले तर बाळाला बाधतं."

मी विचारलं. वहिनी चटईवर पाय दुमडून बसली आणि तिनं सांगितलं. सिनिगांग. मासा आणि झिंगे. कच्ची चिंच उकडून, कोळून, गाळून तिचं पाणी. त्यात टमाटा, कांदा, मुळा, भेंडी, वांगं. आणि एक पालेभाजी, जिचं नाव तिला आमच्या भाषेत येत नव्हतं, तिची देठं आतून पोकळ असतात, ती पाण्यात उगवते. तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. ते पाणी भातावर घ्यायचं. तिची मम्मी पाऊस पडला की करायची, कोणाला ताप आला की करायची, वडील बोटीवरून परतले की करायची. सांगताना ती दोन्ही हातांनी वाटी धरल्यासारखं करायची आणि डोळे मिटून, ओठांचा चंबू करून आवाज काढायची. मी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "फोडणी नाही? मग ते शिजतं कसं?" आणि मग स्वतःशीच म्हणाली, "असो. आंबट मागते म्हणजे डोहाळेच."

सातवा महिना लागला होता. आईनं ठरवलं की डोहाळजेवण करायचं आणि त्या दिवशी तिचं ते आंबट पाणीही होऊ द्यायचं. तिचं माहेर इतकं लांब, तर माहेरच्या बाजूनं कोणीतरी उभं राहायला हवं, म्हणून नानांच्या थोरल्या बहिणीला निरोप गेला. या आमच्या आत्या, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, धुळ्याला राहायच्या. उंच, काळ्यासावळ्या, खणखणीत आवाजाच्या, आणि अहिराणीशिवाय दुसरं न बोलणाऱ्या. नाना त्यांच्यापुढे अजून मान खाली घालून बसत.

आदल्या दिवशी मी वहिनीला घेऊन बाजारात गेले. तापीचा रोहू घेतला, आणि बर्फात घालून आणलेले झिंगे मिळाले. मासेवाली डोकं कापून टाकायला निघाली तर वहिनीनं तिचा हातच धरला. डोकं हवं होतं, तेच तर हवं होतं. बाजारातली माणसं बघत होती. कच्च्या चिंचा आम्ही येताना एका घराच्या कुंपणाबाहेरच्या झाडाच्या पाडून घेतल्या. आणि घरी वळण्याआधी तलावाच्या काठाला वहिनी एकदम थांबली. काठाच्या उथळ पाण्यात नाळीची भाजी पसरली होती. आमच्याकडे ती सहसा कोणी खात नाही, म्हशी तिथं डुंबतात. वहिनीच्या तोंडून तिच्या भाषेतलं त्या भाजीचं नाव बाहेर पडलं, आणि मी काही म्हणायच्या आत तिनं चपला काढल्या, गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि ते मोठं पोट सांभाळत ती पाण्यात उतरली. कोवळे शेंडे खुडायची आणि ओंजळ भरली की मला दाखवायची. काठावर फिरायला आलेली माणसं थांबून बघू लागली. त्यांत माझ्या वर्गातल्या दोन मुली होत्या. मी पिशवी घेऊन उभी होते. "वहिनी, चला," मी म्हणत होते, पण अगदी हळू, आमचं नातं कोणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. ती इतकी खुश होती की तिला माझं ऐकूच आलं नाही.

माझ्या अंगात दोन दिवसांपासून कसर होती. तोंडाला चव नव्हती, सकाळी उठलं की मळमळायचं. पण घरात कार्यक्रम, आई धावपळीत, म्हणून कोणाला बोलले नाही. थंडीचं असेल म्हटलं.

डोहाळजेवणाच्या दिवशी वहिनी पहाटे उठली. कच्च्या चिंचा उकडल्या, हातानं कोळल्या, चाळणीतून गाळल्या. तिच्याजवळ आखातातून आणलेली माशाच्या खारवणीची छोटी बाटली होती, तिचा वास आईला सहन व्हायचा नाही म्हणून ती मागच्या खिडकीच्या बाहेर ठेवलेली असायची. तिचे थेंब टाकून वहिनी पळीनं चव बघायची, परत थेंब टाकायची. गुणगुणत होती. आमच्याकडे आल्यापासून मी तिला प्रथमच गुणगुणताना ऐकलं. आई एकदा येऊन पातेल्यात बघून गेली. पारदर्शक पाणी, त्यात तरंगणारा मुळा, हिरवे देठ, आणि वर बघणारं माशाचं डोकं. मग मधल्या खोलीचं दार लोटून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुपारी बायका जमल्या. गल्लीतल्या, विहारात ओळखीच्या झालेल्या, आणि मधोमध अक्का. वहिनीला हिरवी साडी नेसवली, फुलांच्या वाड्या घातल्या, ओटी भरली. ती इतकी छान दिसत होती की काही बायकांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग नानांनी मुद्दाम आणलेली नवी कोरी चटई टाकली, लाल-पिवळ्या मोरांची, एकही चूक नसलेली. पंगत बसली. वहिनीनं मला खुणेनं विचारलं, मी वाढू? आणि कोणी काही म्हणायच्या आत, जिचं डोहाळजेवण तीच वाढायला उठली. एकेका ताटात भात, वाटीत ते पाणी, त्यात माशाचा तुकडा. वाढून झाल्यावर भिंतीपाशी उभी राहिली, हात पोटावर ठेवून, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत.

कोणी हात लावेना. एकीनं वाटी जरा कलती करून बघितली. दुसरीनं पदर नाकाला लावला. अक्कांनी बोटानं माशाचा तुकडा उलटा केला आणि आईकडे वळून म्हणाल्या, "हाई काय शे व? फोडनी नही, मसाला नही. आजारी मानूसनं पानी वाटस." आणि त्यांनी ताट हातानं पुढे सरकवलं. जोरात नाही. पण चटईवरून ताट सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग बाकीची ताटंही थोडी थोडी पुढे गेली.

वहिनीला अहिराणी येत नव्हती, पण ताट सरकलेलं कोणालाही कळतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पंगतीच्या टोकाला बसले होते. मी वाटी उचलली आणि तोंडाला लावली. पाणी चांगलं होतं. हे मी आज भीड म्हणून लिहीत नाही. चिंचेचा कोवळा, हिरवा आंबटपणा होता, मागून माशाची गोडी यायची. मी सगळी वाटी संपवली आणि मोठ्यानं म्हटलं, "छान झालंय." वहिनीचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं, त्या सगळ्या दिवसांत मला स्वतःबद्दल एवढं एकदाच बरं वाटलं असेल. ती लगबगीनं आली आणि माझ्या वाटीत तिनं माशाचं डोकं वाढलं. त्यांच्याकडे ते मानाच्या माणसाला देतात, हे मला पुढे कळलं.

मी एक घास घेतला आणि पोटातून सगळं वर आलं. तोंडावर हात धरायलाही सवड मिळाली नाही. नव्या चटईवर, माझ्या ओढणीवर, शेजारच्या काकूंच्या पदरावर मी ओकले. एकदा नाही, थांबेचना. बायका भराभर उठल्या. कोणीतरी म्हणालं, "सांगत होते ना." कोणीतरी म्हणालं, "तलावातला पाला आहे तो, म्हशींचा." मी खाली मान घालून बसले होते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला एवढंच कळत होतं की या खोलीत ज्या बाईनं माझ्यावर भरवसा ठेवला होता तिचा मी सगळ्यांपुढे निकाल लावून टाकला.

पण त्याहून वाईट पुढेच होतं. आईनं मधल्या खोलीचं दार उघडलं. आत पोळ्यांची चळत होती, वांग्याची भाजी होती, भाताचं दुसरं पातेलं होतं, शिरा होता. सगळं सकाळीच स्टोव्हवर करून झाकून ठेवलेलं. आई म्हणाली, "चला, आत बसा सगळ्या, ताटं वाढते." बायका आत गेल्या. दुसरी चटई टाकली गेली. वाढण्याचा आवाज येऊ लागला, कोणी मीठ मागितलं, कोणी हसलं. दारातून वहिनीनं त्या पोळ्यांकडे बघितलं. इतक्या पोळ्या ऐनवेळी होत नाहीत हे तिला कळत होतं. पहाटे ती गुणगुणत चिंच गाळत होती तेव्हा दाराआड या पोळ्या लाटल्या जात होत्या.

मग तिनं बादली आणली. हिरव्या साडीचा काठ कमरेला खोचला, कानातल्या फुलांच्या वाड्या काढून बाजूला ठेवल्या, आणि त्या पोटानं कशीबशी गुडघ्यांवर बसून माझी ओकारी पुसू लागली. मी म्हटलं, "वहिनी, मी करते." ती म्हणाली, "आप बैठो, बेबी. आप बीमार." नाना दारापर्यंत आले, बघितलं, आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. आतल्या बायकांपैकी कोणी उठलं नाही.

दोन दिवसांनी माझे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि हेही सांगितलं की ही काल-परवा खाल्लेल्या कशानं होत नाही, कित्येक दिवस आधी अंगात शिरलेली असते, दूषित पाण्यातून. गल्लीतल्या सामाईक बोअरचं पाणी पिणारे आणखीही लोक आजारी निघाले. पण तोवर गोष्ट तयार झाली होती आणि ती मेहरूणभर फिरली होती. बाहेरदेशी सुनेनं तलावातला पाला खाऊ घातला आणि नणंदेला कावीळ झाली. डॉक्टरांचं म्हणणं गोष्टीत बसत नव्हतं, म्हणून कोणी ते सांगत नव्हतं. आई कोणाला हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. उसाचा रस आणून माझ्यापुढे धरायची आणि नजर चुकवायची.

डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं. पोटुशी बाईला ही कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, तिला या घरात आणि या पाण्यावर ठेवू नका. तिला कुठे ठेवायचं यावर नाना आणि आई बोलत बसले असताना अक्का परत जायला निघाल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मी माहेरनी शे ना तिनी? तुम्हीच बलायं माले. मंग बाळंतपन मन्हा घर." नाना काही म्हणायला गेले तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

वहिनीला माझ्या खोलीत यायची मनाई होती. निघताना ती खिडकीशी आली, गजांना धरून उभी राहिली. मी अंथरुणातून उठू शकत नव्हते. ती म्हणाली, "बेबी, सॉरी. मेरा सूप खराब."

मी म्हटलं, "नाही वहिनी. पानी से हुआ. डॉक्टर बोला."

"हां," ती म्हणाली. "हां, पानी से." आजारी माणसाची समजूत काढावी तशी मान हलवली. तिला माझं पटलं नव्हतं, आणि पटवण्यासाठी माझ्याजवळ त्या हिंदीतले तेवढे शब्दही नव्हते. रिक्षा आली. अक्कांनी तिला आधी चढवलं आणि मग स्वतः बसल्या.

बरी व्हायला मला बरेच दिवस लागले. थंडी सरत आली तेव्हा धुळ्याहून निरोप आला की मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. आई आणि मी एसटीनं गेलो. आईनं डिंकाचे लाडू केले होते आणि डबा प्रवासभर मांडीवर धरला होता. अक्कांच्या घरात शिरलो तर अक्का ओट्यापाशी उभ्या होत्या आणि चाळणीत चिंच कोळत होत्या. बाळंतिणीला चालते का, नाही चालत, असलं काही न विचारता आई दारातच थांबली. अक्का म्हणाल्या, "माछ्याबिगर नही खात ती. मंग काय करू?" आणि त्यांनी त्या पाण्यात भाकरी चुरून, वर ठेचा घेऊन आमच्यासमोरच खाल्लं.

दुपारी वहिनी आणि बाळ झोपले, आई त्यांच्यापाशी बसली होती. मी अक्कांबरोबर बाहेर तांदूळ निवडत होते. मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी तर तुम्ही ताट सरकवलं होतं."

त्यांनी सुपात आणखी एक मूठ तांदूळ घेतले. मग म्हणाल्या, "मी न्हानी व्हतू, तव्हय गावमा मोठास्ना घर लगीन व्हतं. आम्हले भाईर बसाडं. वरतीन वाढं, हात नही लागाले पाहिजे असं. मन्हा बाप उठी गया. माले भूक लागेल व्हती, मी खाई लिधं." सुपातला खडा त्यांनी बोटानं बाहेर उडवला. "त्यास्नी आम्हना हातनं कव्हयच खादं नही. आनि मी त्या दिन तेच करं. त्या रातले माले जेवन नही गयं." आत बाळ रडलं तशा त्या सूप ठेवून उठल्या.

संध्याकाळी निघताना आई वहिनीला म्हणाली, "घरी चल." तिनं एवढंच म्हटलं, पण ते म्हणायला तिला दुपारभर लागलं होतं. वहिनी म्हणाली, "हां मम्मी, आएगा." आली ती दादाबरोबर, बाळाला घेऊन, काही दिवसांसाठी. मग ते दोघं आखातात गेले आणि बऱ्याच वर्षांनी तिच्या गावी, समुद्राकाठी घर बांधून राहिले. त्यांच्यात आणि आमच्यात कधी भांडण झालं नाही. फोन असतो, येणंजाणं असतं. आई म्हातारपणी वहिनीच्याच नावानं हाका मारायची. कोणाला सांगितलं तर म्हणतील, मग राहिलं काय?

राहिलं ते एवढंच. वहिनी भारतात आली की अजून ते करते. माझ्या मुलांना करून घालते, ती दोन-दोन वाट्या पितात. माझ्या नवऱ्याला वाढते. माझ्यापुढे मात्र वरणभात ठेवते. पहिल्यांदा हे धुळ्यातच झालं होतं, मला वाटलं मी आजारातून उठलेली म्हणून. मग दर वेळी तसंच. मी मागितलं की हसते आणि विषय बदलते. डॉक्टरांचं सगळं मी तिला नंतर नीट, सावकाश, दादाला मध्ये घालून समजावून सांगितलं आहे. तिनं ऐकून घेतलं. मान्यही केलं. पण तिच्या हातांना ते कधी कळलं नाही.

मी ते घरी करायला शिकले. घरात कोणी नसताना करते. चिंच उकडते, कोळते, गाळते. नाळीची भाजी आता बाजारात जुडी बांधून मिळते. कधी फार आंबट होतं, कधी मासा विरघळतो. बरोबर झालं की नाही हे सांगणारं कोणी नसतं, म्हणून मी एकटी खाते आणि पातेलं घासून ठेवते.

आई गेली तेव्हा वहिनी आली होती. केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात. सगळे पाहुणे पांगल्यावर एके दुपारी मी तिच्यासाठी सिनिगांग केलं. माशाचं डोकं तिच्या वाटीत वाढलं. तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मी समोर उभी होते, ओट्याला पाठ टेकून. मग ती म्हणाली, "और थोडा खट्टा, बेबी. लेकिन अच्छा." आणि सगळं खाल्लं. परत मागून घेतलं. मला इतका आनंद झाला की मी माझ्यासाठी वाटी घेतली, पातेलं उचलून आणलं आणि तिच्याशेजारी बसून पळी भरली.

वहिनीनं हात पुढे केला आणि माझ्या वाटीवर पालथा ठेवला. जोर नव्हता त्यात. "आप नहीं," ती म्हणाली, अगदी मायेनं. "आपको तकलीफ होता."

तो हात मला उचलता आला असता. मी पळी परत पातेल्यात ठेवली आणि सकाळच्या वरणावर भात वाढून घेतला.